मढची तर आणि मंडपेश्वराचे लेणे

सदर : यतना



कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू झाले, की आपल्या घरांतूनही प्रवासाच्या गोष्टी निघू लागतात. शिखरजी, शत्रुंजय, श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी, कुंभोजचे बाहुबली अशी नावे घेतली जातात. मग मुलांच्या परीक्षा, कचेरीतील रजा आणि रेल्वेचे आरक्षण यांचा मेळ बसत नाही, आणि थंडीतले ते सुंदर रविवार एखाद्या मॉलच्या फिरत्या जिन्यावर संपून जातात. या महिन्याच्या सदरात अशा कुटुंबांसाठी एक दिवसाची वाट सुचवावयाची आहे. ती आपल्याच उपनगरांतून जाते, तिला फारसा खर्च नाही, आणि तिच्यात तीन वेळा पाणी ओलांडावे लागते. अंधेरीच्या वर्सोव्यापासून मढ, मार्व्यापासून मनोरी आणि गोराईपासून बोरिवली अशा या तीन तरी आहेत. आणि अखेरीस दहिसर नदीच्या खोऱ्यातले मंडपेश्वराचे लेणे आहे.

सकृद्दर्शनी ही केवळ सहल वाटेल. परंतु आपल्या धर्माच्या नावाशीच पाण्याचा उतार जोडलेला आहे, याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. ‘तीर्थ’ म्हणजे मुळात नदी पार करण्याची जागा. जिथून माणूस सुखरूप पलीकडे जातो तो घाट. असा घाट बांधून देणारा तो तीर्थंकर. ज्याने आयुष्यात कधी होडीत पाऊलच टाकले नाही, खालून हेलकावणारे पाणी अनुभवले नाही, त्याला हा शब्द पुस्तकातलाच राहतो. मुलांना तो शब्द एकदा तरी शरीराने कळावा, एवढ्यासाठीही ही वाट चालण्यासारखी आहे.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून समोर पाहिले, की मढ अगदी हाकेच्या अंतरावर दिसते. मध्ये मालाडची खाडी आहे. रस्त्याने जावयाचे तर अंधेरी, गोरेगाव, मालाड, मार्वे असा वळसा घेऊन सुमारे वीस-बावीस किलोमीटर होतात. फेरीबोटीने मोजकी मिनिटे पुरतात. बोट माणसांसह मोटारसायकलीही पलीकडे नेते. कोळणींच्या टोपल्या, शाळेची मुले, चित्रीकरणासाठी मढच्या बंगल्यांकडे निघालेली मंडळी, सगळे एकाच फळीवर उभे असतात. पूर्वी या तरी वल्ह्यांवर आणि शिडावर चालत. आता यंत्राची धडधड आहे. खाडीच्या आतल्या अंगाला मात्र जाळी पाहावयास निघालेली वल्ह्याची लहान होडकी अजूनही दिसतात, आणि वल्हे पाण्यात शिरतानाचा तो मंद आवाज ऐकावयाचा असेल तर सकाळी लवकर निघावे.

मढच्या टोकावर पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी तो उभारला गेला. १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १७७४ मध्ये साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेला. आज तो भारतीय हवाई दलाच्या अखत्यारीत असल्यामुळे आत जाण्यास परवानगी लागते. बाहेरून तट पाहून समाधान मानावे. जवळच किल्लेश्वर महादेवाचे मंदिर आहे, आणि गावात कोळी बांधवांची हरबादेवी आहे. पुढे एरंगळला सेंट बोनाव्हेंचरचे सोळाव्या शतकातले चर्च समुद्राकाठी उभे आहे; जानेवारीत तिथे भरणाऱ्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. त्यापुढे आक्साचा किनारा लागतो. तो दिसावयास शांत असला तरी फसवा आहे. तिथे पाण्यात उतरू नये.

इथपर्यंतचे वर्णन कोणत्याही प्रवास-पुस्तिकेत मिळेल. परंतु ही वाट सुचविली की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. प्रश्न असा : मढ, मनोरी, गोराई ही मासेमारांची गावे. धक्क्यावर उतरताच बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या ओळी दिसतात, वास येतो. ज्याची उपजीविका पंचेंद्रिय जीवांच्या हिंसेवर चालते, त्याच्या गावातून, त्याच्या होडीतून जैनाने सहलीसाठी जावे काय? लहान मुलांच्या मनावर त्याचा काय संस्कार होईल?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या आजीने आयुष्यभर पाणी गाळून आणि उकळून वापरले, दिवेलागणीनंतर पाण्याचा घोटही घेतला नाही, तिच्या मनाला तो वास खरोखरीच क्लेश देतो. तो क्लेश करुणेतून आलेला आहे आणि तो आदरास पात्र आहे. परंतु करुणेच्या शेजारीच आणखी एक भाव बसलेला असतो आणि तो दिसावयास तिच्यासारखाच असतो. तो भाव म्हणजे तुच्छता. नाकाला रुमाल लावून, कोळणीच्या टोपलीपासून साडीचा पदर आवरून, मुलांना डोळ्यांनी खुणावून आपण जेव्हा बोटीत बसतो, तेव्हा आपल्या मनात माशाविषयी दया किती आणि त्या बाईविषयी तिरस्कार किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्यापुरता करावा. मान हा चार कषायांपैकी एक आहे. तो अहिंसेचा वेष घेऊन आला तरी कषायच राहतो.

होडीत कसे बसावे, हा विषय आपल्या शास्त्रांनी किती बारकाईने हाताळला आहे, हे या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. श्वेतांबर आगमांतील आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ‘ईर्या’ म्हणजे चालण्याविषयीचे अध्ययन आहे. त्यात साधूने नावेतून पाणी कसे ओलांडावे याचे नियम सांगितले आहेत. साधूसाठी म्हणून विकत घेतलेली, भाड्याने आणलेली किंवा त्याच्यासाठी जमिनीवरून पाण्यात ढकललेली नाव त्याने वापरू नये; जी नाव इतरांसाठी जातच आहे, तिच्यात जागा मिळाली तर बसावे. चढण्यापूर्वी आपली उपकरणे आणि शरीर यांचे प्रमार्जन करावे. नावेच्या टोकाला, शेवटाला किंवा ऐन मध्ये बसून इतरांना अडथळा करू नये. बोट दाखवून, हात उंचावून इकडे-तिकडे न्याहाळू नये. नावाड्याने वल्हव, पाणी उपस असे म्हटले तर साधूने मौन धरावे, पण त्याच्यावर रागावू नये. एवढेच नव्हे, तर नावेतल्या लोकांनी चिडून त्याला पाण्यात टाकले तरी त्याने मनात द्वेष आणू नये. शांतपणे काठ गाठावा आणि अंग आपोआप सुकेपर्यंत तिथेच थांबावे.

हे नियम महाव्रतींसाठी आहेत, गृहस्थांसाठी नाहीत. तरीही त्यांतून दोन गोष्टी आपल्याला स्पष्ट कळतात. पहिली अशी, की नाविक कोण, त्याचा धंदा कोणता, यावर शास्त्रकारांनी तिथे भर दिलेला नाही; आपल्यामुळे नवा आरंभ, नवी हिंसा घडू नये, यावर दिला आहे. मढची तर आपल्यासाठी सुटत नाही. ती रोज सकाळी शाळेच्या मुलांसाठी, कामगारांसाठी सुटतेच. आपण तिच्यात एक जागा घेतो. दुसरी गोष्ट अशी, की सगळी शिस्त बसणाऱ्याने स्वतःला लावावयाची आहे, नावाड्याला नव्हे. होडीत बसलेल्या जैनाने आपल्या देहाकडे, आपल्या सामानाकडे आणि आपल्या मनाकडे पाहावे; समोरच्याच्या टोपलीकडे नव्हे.

आणि कोळी समाजाकडे पाहावयाचेच असेल, तर पूर्ण पाहावे. अनेकांत म्हणजे दुसऱ्याचे आचरण मान्य करणे नव्हे. परंतु वस्तूची न दिसणारी बाजूही आहे, हे मान्य करणे होय. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ असतो. कायदा होण्यापूर्वीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीत होती. खवळलेला समुद्र हे त्याचे एक कारण खरे. पण समुद्रालाही विश्रांती हवी, ही जाणीवही त्या रीतीत आहे. आपले साधू जीवदयेसाठी चार महिने एका जागी थांबतात, त्याच सुमारास हा समाजही आपले जाळे गुंडाळून ठेवतो. दोन्ही थांबण्यांची प्रेरणा एक नाही, हे उघड आहे. परंतु मुलांना दाखवावयाचे झाले, तर निंदेपेक्षा हे साम्य दाखवणे अधिक उपयोगाचे.

आणखी एक धागा तिथीचा. आपल्या घरात अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते. हिरव्या भाज्या वर्ज्य, उपवास, पौषध. कोळीवाड्यातही तिथी पाहिली जाते, पण पाण्यासाठी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती आणि मोठी ओहोटी. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ढोबळ हिशेब मुलांना जरूर शिकवावा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्या तासाच्या आसपास पूर्ण भरती. दिवसाला भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तीच गोष्ट या हिशेबात बसवली आहे. तरीच्या प्रवासास हे ज्ञान उपयोगाचेही आहे, कारण ऐन ओहोटीला पाणी दूर जाते आणि धक्क्यांपाशी चिखल उघडा पडतो. ज्यांच्या घरी पंचांग आहे, त्यांच्या घरी समुद्राचे वेळापत्रकही आहे!

मार्व्याहून मनोरीस जाणारी दुसरी तर अधिक शांत आहे. इथे खाडीच्या दोन्ही अंगांना खारफुटीचे वन दिसते. तिवर, कांदळ, चिप्पी ही त्यातली झाडे. यांतल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची टोके दिसतात. ती त्या झाडाची श्वास घेणारी मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड आपली मुळे वर काढते. ओहोटीच्या वेळी होडी काठाजवळून गेली तर याच चिखलावर निवट्या नावाचे मासे कल्ल्यांजवळच्या पंखांवर सरकताना, लहान खेकडे बिळांतून डोकावताना दिसतात. जीवविचार पाठ करणाऱ्या मुलांसाठी याहून चांगली पाठशाळा नाही. शंख, शिंपले, कवड्या हे द्वींद्रिय, मासे पंचेंद्रिय, आणि ज्यावरून आपण जात आहोत ते पाणी स्वतः अप्काय, एकेंद्रिय. पुस्तकातल्या तक्त्यातील सगळे रकाने इथे जिवंत असतात.

हे वन नुसते शोभेचे नाही. ते लाटांचा जोर अडवते, माशांच्या पिलांना आसरा देते आणि भरतीचे पाणी सामावून घेते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर खारफुटीची तोड थांबविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरे बुडाली, तेव्हा बुजवलेल्या खाड्या आणि कोंडलेल्या नद्या यांची किंमत सर्वांना कळली. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या आपल्या चार नद्या. त्यांना नाला म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. ओशिवरा मालाडच्या खाडीत, दहिसर मनोरीच्या खाडीत जाते. आपल्या इमारतीच्या पायथ्याशी टाकलेली पिशवी कोठे जाते, हे शोधावयाचे असेल तर याच फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहावे. ती पिशवी तिवराच्या मुळांना गुंडाळलेली असते.

इथे मघाचा प्रश्न उलट फिरतो. कोळी एक जाळे टाकतो, ते संध्याकाळी काढतो, आणि त्यातल्या हिंसेचे पाप कोणाचे याविषयी शंका राहत नाही. आपण टाकलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे जाळ्यासारखे पसरून असते. त्यात कासव, मासा, बगळा अडकतो, आणि त्या हिंसेवर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. खाडी बुजवून उभ्या राहिलेल्या घरात आपण निश्चिंतपणे सामायिक करतो, त्या घराखाली किती द्वींद्रिय, पंचेंद्रिय जीव होते, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. हे कोणाला दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. शहरात राहणारा कोणीच यातून पूर्णपणे मोकळा नाही. परंतु डोळ्यांना दिसणारी हिंसा दुसऱ्याची आणि न दिसणारी आपली, एवढे तरी समजून घेतले, तर होडीतील रुमाल नाकावरून आपोआप खाली येतो.

मनोरीहून गोराईकडे जाताना श्रीपाल राजाची गोष्ट मुलांना सांगावी. तिला याहून योग्य जागा नाही. चैत्र आणि आश्विनातील नवपदाच्या ओळीत आयंबिल करताना आपण ती दरवर्षी ऐकतो. रत्नशेखरसूरींनी प्राकृतात तिचे काव्य केले. पुढे उपाध्याय विनयविजयजींनी रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये श्रीपाल रास रचण्यास आरंभ केला आणि त्यांच्या देहावसानानंतर उपाध्याय यशोविजयजींनी तो पूर्ण केला. दिगंबर परंपरेतही श्रीपाल-मैनासुंदरीची कथा तितकीच प्रिय आहे. कथेतला धवल शेठ लोभाने आंधळा होतो आणि ज्याने त्याची गलबते वाचवली, त्याच श्रीपालाला भर समुद्रात ढकलून देतो. श्रीपाल नवपदांचे स्मरण करतो, मगरीच्या पाठीवरून तरत कोकणच्या किनाऱ्याला लागतो, आणि ठाण्याचा राजा वसुपाल त्याचा सत्कार करतो. ठाण्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध आहे, ते या कथेच्या स्मृतीमुळेच. सोपाऱ्याचाही उल्लेख या कथेत येतो. ते सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा.

कथा इथे संपत नाही, हेच तिचे मोठेपण. धवल शेठ पुढे ठाण्यालाच येतो, पुन्हा घात करू पाहतो, आणि श्रीपाल मात्र त्याला उपकारकर्ता म्हणूनच वागवतो. एकाच गलबतात दोघे होते. एकाने दुसऱ्याला माल समजले, दुसऱ्याने पहिल्याला माणूस समजले. समुद्राचे पाणी दोघांना सारखेच होते.

गोराईला ज्यांच्याजवळ वेळ असेल त्यांनी विश्व विपश्यना पॅगोडा पाहावा. २००९ साली तो खुला झाला. त्याच्या मुख्य घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे आठ हजार साधक एका वेळी ध्यानास बसू शकतील एवढी ती जागा आहे. परंपरा बौद्ध असली तरी मौनाला भाषा नसते. पाच मिनिटे तिथे बसलेले मूल पुढे सामायिकात अधिक स्थिर बसते की नाही, हे आईवडिलांनी पाहावे.

तिसरी तर गोराईहून बोरिवलीच्या काठाला लावते. तिथून रिक्षाने थोड्या वेळात मंडपेश्वर येते. दहिसर नदी तुळशी तलावाच्या डोंगराळ परिसरातून निघून सुमारे बारा किलोमीटरांचा प्रवास करून मनोरीच्या खाडीस मिळते. तिच्या खोऱ्यात, खडकाच्या एका उंचवट्यात सहाव्या शतकाच्या सुमारास हे शैव लेणे कोरले गेले. पूर्वी नदी लेण्याच्या अधिक जवळून वाहत असे, असे सांगतात. आत खांबांचा मंडप आहे, नृत्य करणाऱ्या शिवाचे शिल्प आहे, शिवविवाहाचा प्रसंग आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथे आपला मठ आणि चर्च उभारले. त्याचे भग्न अवशेष लेण्याच्या माथ्यावर आजही आहेत. एका भिंतीवर मूळ शिल्प तासून तिथे मोठा क्रूस कोरलेला दिसतो. पुढे शिवपूजा पुन्हा सुरू झाली. आज हे स्थान पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

त्या क्रूसासमोर उभे राहिल्यावर मनात राग येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडे थांबून पाहावे. एकाच खडकात किती जणांनी आपला देव शोधला! ज्यांनी दुसऱ्याचे पुसून आपले कोरले, त्यांचेही राज्य गेले आणि भिंतीवर दोन्ही खुणा राहिल्या. आपलेच सत्य पूर्ण मानणारी छिन्नी किती खोल जखम करते, हे दगडावर पाहिले म्हणजे अनेकांताची गरज समजावून सांगण्यास दुसरे उदाहरण लागत नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच नदीच्या वरच्या अंगाला, कान्हेरीच्या डोंगरात आहे. तिथे शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे कोरली गेलेली. प्रत्येक विहाराजवळ खडकात खोदलेली पाण्याची पोढी आहे; पावसाचे थेंब पन्हळींतून तिच्यात उतरतात. या कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या शिलालेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव आहे, आणि त्याच्या अधीन असलेल्या उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची नावे आहेत. हे लेख बौद्ध संघाला दिलेल्या दानांचे आहेत. अमोघवर्ष म्हणजे आदिपुराणकार आचार्य जिनसेनांचा परमभक्त, प्रश्नोत्तर-रत्नमालिका ज्याच्या नावावर आहे तो राजा. जैन आचार्यांच्या चरणी नम्र होणाऱ्या सम्राटाच्या राज्यात बौद्ध भिक्षूंना दान मिळते आणि त्याची नोंद दगडावर होते. तिथे कोणाचे शिल्प तासावे लागले नाही.

आपली स्वतःची लेणी-परंपराही थोर आहे. वेरूळची शेवटची पाच लेणी, मनमाडजवळची अंकाई-टंकाई, धाराशिवची लेणी ही नावे परिचित आहेत. मावळातील पाले येथील लहानशा लेण्यातला लेख अरहंतांना वंदन करून सुरू होतो; अभ्यासक त्याला महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेखांपैकी मानतात. लेणे आणि त्याबरोबर पाण्याची पोढी करवून दिल्याची नोंद त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी साधूला निवारा देणाऱ्याने पाण्याचाही विचार केला होता. पावसाळ्यात थांबावयाचे, तर छप्पर हवे आणि पाणी हवे. एवढ्या दोन गरजांतून ही सगळी लेणी जन्मली.

आता काही व्यवहाराच्या सूचना. निघताना सकाळी नवकारसी पारून निघावे आणि सूर्यास्तापूर्वी घरी किंवा जवळच्या जिनालयात पोहोचता येईल असा बेत आखावा; थंडीत दिवस लहान असतो. उकळलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांत घ्यावे. खाखरे, ठेपले, मुरमुरे, दशम्या असे कोरडे अन्न डब्यात घ्यावे, प्लास्टिकच्या पुड्यांत नको. उष्टे टाकण्याची वेळ येऊ नये इतकेच वाढावे. देवपूजेचे निर्माल्य ‘वाटेत खाडी आहेच’ म्हणून बरोबर घेऊ नये. धक्क्यावर पक्ष्यांना फरसाण टाकणे ही जीवदया नाही; तळलेले, खारट अन्न त्यांना अपायकारक असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात, म्हणून मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ उत्तम. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या फेरीबोटीच्या अपघातात अनेकांचे प्राण गेले, हे विसरू नये. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, बोटीत गर्दी अधिक असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. आपला देह सांभाळणे हीसुद्धा यतनाच आहे.

वर्सोवा आणि मढ यांच्यामध्ये पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे. तो झाला म्हणजे आजाऱ्याला वेळेवर इस्पितळ मिळेल, विद्यार्थ्यांचा वेळ वाचेल. गावकऱ्यांची ती गरज खरी आहे आणि तिला विरोध करण्याचा अधिकार सहलीला जाणाऱ्यांना नाही. परंतु तर आहे तोवर मुलांना तिच्यात बसवून आणावे. पुलावरून पलीकडे जाता येते. तरीतून जाताना मात्र आपण दुसऱ्याच्या हातावर, त्याच्या सुकाणूवर विसंबतो.

उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशी श्रमण आणि गौतमस्वामी यांचा संवाद आहे. भगवान पार्श्वनाथ आणि भगवान महावीर यांच्या परंपरा तिथे एकमेकींना भेटतात. त्यात नावेचा प्रश्न येतो. गौतमस्वामी सांगतात, की छिद्र असलेली नाव पार जात नाही, छिद्ररहित नाव जाते. शरीर ही नाव, जीव हा नावाडी आणि संसार हा समुद्र. पुढे आपल्या आचार्यांनी हीच उपमा विस्ताराने समजावली : छिद्रातून आत येणारे पाणी म्हणजे आस्रव, ते बुजवणे म्हणजे संवर, आणि साचलेले पाणी उपसणे म्हणजे निर्जरा. मढच्या होडीतला खलाशी तळाशी साठलेले पाणी डब्याने बाहेर टाकताना दिसला, तर मुलांना तो हात दाखवावा. सात तत्त्वांपैकी दोन तिथेच समजतील.

संध्याकाळी घरी आल्यावर सर्वांनी मिळून इरियावही करावी. जाता-येता आपल्याकडून दुखावलेल्या जीवांची त्या सूत्रात यादी आहे : बीज, हिरवळ, दव, बिळे, शेवाळ, पाणी, चिखल, कोळ्याचे जाळे, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. आजच्या दिवशी आपण यांतल्या बहुतेकांच्या अंगावरून खरोखरच गेलो आहोत. आणि पंचेंद्रियांत माणूसही येतो. टोपली घेऊन शेजारी बसलेल्या त्या बाईला आपल्या नजरेने काही लागले असेल, तर त्याचेही मिच्छामि दुक्कडम् त्यातच म्हणावे.